बिनटोकाचा गळ

मोघेकाका पकडलेला मासा सोडताना त्याला "या हं परत" म्हणायचे. पाहुण्याला दारापर्यंत पोचवताना म्हणतात ना, तसं, अगदी मनापासून. गुडघाभर गार पाण्यात उभे, ओंजळीत सोनेरी-तपकिरी ट्राउट, त्याचं तोंड प्रवाहाकडे. मासा जरा दम खायचा, कल्ले हलायचे आणि एका क्षणी ओंजळ रिकामी व्हायची. काका त्या रिकाम्या ओंजळीकडे बघून म्हणायचे, "या हं परत." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी काठावर बसून मोठ्याने हसले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा मागे.

ते सगळ्यांकडे असंच बघायचे. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग बसला होता. समोरचं काही बघायचं तर त्याच्या बाजूला बघावं लागे, मग कडेने दिसे. हे मला माहीत होतं, समजत होतं, तरी त्यांच्याशी बोलताना दर वेळी वाटायचं की आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि काका खरं तर त्या व्यक्तीशी बोलतायत. दोन-तीनदा तर मी वळूनही पाहिलं होतं.

त्यांची माझी गाठ पडली ती माझ्या नवऱ्याच्या चांगुलपणामुळे. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज आला, मोघेकाकांना महिन्यातून दोन शनिवार राइड हवी आहे, फिशिंगसाठी. डोळ्यांमुळे त्यांच्या मुलाने, निखिलने, गाडीची किल्ली काढून घेतली होती. निखिल राहतो जर्सी सिटीला, त्यामुळे किल्ली घेऊन तो गेला आणि काका राहिले. समीरने त्या मेसेजवर तत्परतेने अंगठा दाखवला. शनिवार उजाडला तेव्हा साहेबांची टेनिसची मॅच होती. "कल्याणी, प्लीज यार, फक्त आजच्या दिवस," म्हणाला. त्या आजच्या दिवसाचे पुढे पाच सीझन झाले.

मी अमरावतीची. माझ्या माहेरी मासा फक्त पंचांगातल्या मीन राशीपुरता. त्यात सकाळी सहाला उठून दोन तास ड्राइव्ह करायचं, सपाट मक्याची शेतं बघत, आणि मग एकदम जमिनीला वळ्या पडतात, चुनखडीचे कडे उभे राहतात, तिथे एका कुरणात गाडी लावून दिवसभर एका म्हाताऱ्याला पाण्यात उभं राहिलेलं बघायचं. पहिल्या दिवशी मी धुसफुसतच गेले होते. नकाशात त्या प्रवाहाला चांगलं भारदस्त नाव आहे, काका त्याला सरळ 'ओढा' म्हणत. उडी मारून पलीकडे जाता येईल एवढासा. पण झऱ्यांचं पाणी, ऐन जुलैतही हाडं गोठवणारं.

"काका, तुम्ही मासे खाता?" मी थर्मासमधला चहा ओतत विचारलं.

"छे. सांगलीचे मोघे आम्ही. अंडंसुद्धा अमेरिकेत आल्यावर, तेही केकमधून."

"मग पकडता कशाला?"

"हेच सुमन विचारायची," ते म्हणाले. "ती वेंगुर्ल्याची. म्हणायची, न खाणाऱ्याने मासे पकडायचे म्हणजे न वाचणाऱ्याने पुस्तकं चोरायची." मग बराच वेळ ते पाण्याकडे कान लावून बसले. सुमनकाकू मी इथे यायच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांचा फोटो तेवढा काकांच्या फ्रिजवर होता, फणसाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या, डोळे बारीक केलेल्या.

काका पॅथॉलॉजिस्ट होते. चाळीस वर्षं त्यांनी काचेवरचे पेशींचे डाग वाचले, आणि वाचलेलं दुसऱ्या डॉक्टरने पेशंटला सांगितलं. "मी कुणाला कधीच काही सांगितलं नाही," ते म्हणायचे, "मी फक्त लिहून दिलं." हे त्यांच्या बोलण्यात फार वेळा यायचं. तेव्हा मला ती प्रौढी वाटायची.

शिकवायचे मात्र भरपूर. मला गळ टाकायला त्यांनी शिकवलं, माझी इच्छा नसताना. फ्लाय म्हणजे काय, तर पिसं, दोरा, लोकर गळावर गुंडाळून केलेला खोटा किडा. तो खऱ्या किड्यासारखा पाण्यावर अलगद उतरला पाहिजे. मी रागाने फेकला की ते म्हणायचे, "पाण्याला आपली घाई कळू द्यायची नाही." आणि मासा वर आला की त्यांना माझ्या आधी कळायचं, कानांनी. ट्राउट वरचा किडा घेतो तेव्हा अगदी बारीक आवाज होतो, बशीतल्या चहाचा शेवटचा घोट ओढल्यासारखा. काका बोट वर करायचे. "भुरका! ऐकलास? त्या विलोच्या झाडाखाली." मी बघायची, तिथे वर्तुळ विरत असायचं.

आणखी एक त्यांचं लाडकं वाक्य होतं. हे ब्राउन ट्राउट मूळचे इथले नव्हेत, फार पूर्वी युरोपातून अंडी आणून इथल्या पाण्यात सोडली. "म्हणजे तेही आपल्यासारखेच. पण आता ओढ्यात जन्मतात, ओढ्यात मरतात, म्हणून त्यांना वाइल्ड म्हणतात. टँकरने आणून ओतलेला मासा वेगळा, तो स्टॉक केलेला. निखिल वाइल्ड आहे. मी आणि तू स्टॉकवाले." फोनवर निखिललाही हे ऐकवायचे. स्पीकरवरून निखिल म्हणायचा, "बाबा, यू हॅव टोल्ड मी धिस अ हंड्रेड टाइम्स." काका खूश होऊन हसायचे.

आमच्या ओढ्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर सीझन संपतो. त्यानंतर मासे तळाच्या बारीक खड्यांत अंडी घालतात, त्यांना निवांत सोडायचं असतं. पहिल्याच वर्षी शेवटच्या दिवशी काकांनी दुपारपर्यंत नेहमीसारखी मासेमारी केली आणि मग खिशातून एक छोटी बाटली काढली. लॅबमध्ये तपासायचा नमुना ठेवतात तसली, झाकणावर पट्टी, पट्टीवर सुवाच्य अक्षरात 'सुमन मोघे'. आत केस होते. काळे-पांढरे, गुंडाळी करून ठेवलेले. माझी आजी केस विंचरून झाले की असंच गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायची.

"केमोत गळले," काका म्हणाले. "उशीवरचे रोज गोळा करायचो मी. टाकवेनात."

त्या केसांचा त्यांनी एक फ्लाय बांधला होता. ऑक्टोबरच्या ढगाळ दुपारी ओढ्यावर राखाडी बारीक किडे निघतात, हुबेहूब त्यांच्यासारखा. वर पांढऱ्या लोकरीचा तुरा, दिसावा म्हणून. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मी घाबरतच धरला, गळ टोचेल म्हणून. पण गळाला टोक नव्हतं. वाकडा भाग त्यांनी पकडीने तोडून टाकला होता.

"याने मासा लागणार कसा?"

"लागायला नकोच आहे. शिवला की पुरे."

ते असं म्हणाले आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण आपल्याकडे शिवतो तो कावळा, आणि शिवतो तो पिंडाला.

मग त्यांनी सांगितलं, पाण्यात उभं राहून, पाठमोरे. काकूंच्या दहाव्याला घरामागच्या डेकवर पिंड ठेवला होता. जोशी गुरुजी आले होते, शनिवार-रविवार गुरुजी, एरवी डेटाबेस सांभाळणारे. कावळे झाडावर येऊन बसले होते, एक-दोन नव्हे, चांगले सात-आठ. पण एकही उतरेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला, शब्द द्या. लोक बोलू लागले. निखिलचं लग्न करू. तुझ्या नावाने मंडळात काहीतरी करू. तुझी तुळस सांभाळू. कावळे हलेनात. मग सगळे काकांकडे बघू लागले. "मी डॉक्टर माणूस," काका म्हणाले. "पक्ष्यासमोर हात जोडून बोलणार का? नाही बोललो." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

"चांगला बांधला होता हं त्यांनी," काका म्हणाले. "मी फ्लाय बांधतो तसाच, सफाईने. पण खोटा तो खोटा."

त्या दिवसापासून दर वर्षी सीझनच्या शेवटच्या दिवशी ते टोक मोडलेला तो किडा एकाच डोहावर सोडत. अंधारून येईपर्यंत. इतर दिवशी त्यांना हमखास मासे मिळत, पण त्या किड्याकडे कधी कुणी फिरकलं नव्हतं. मी काठावर बसून चार वर्षं हे पाहिलं. उगाच खोटं का बोलू, मला त्याची भीती वाटायची. ओढा खळखळत असायचा, गाई पलीकडे चरत असायच्या, सगळं छान असायचं, आणि तरी त्या सगळ्या वेळात मी एकदाही मागे वळून बघायची नाही.

काय राहिलं होतं काकूंचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाचव्या वर्षी काकांची नजर पारच गेली. तुरा मोठा मोठा करून पाहिला, पण पाण्यावरचं काही दिसेना. त्या ऑक्टोबरात शेवटच्या दिवशी निघताना ते गाडीत म्हणाले, "आज तुझे डोळे लागतील. गळाला टोक नाही म्हणजे हाताला ओढ लागणार नाही. शिवला की नाही हे बघूनच कळणार."

डोहाशी पोचलो. आकाश राखाडी, वारा पडलेला, किडे निघायला अगदी योग्य. काका दोर सोडू लागले आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले.

"काका, आधी बोलायचं असतं ना? कावळा येत नाही तेव्हा माणसं बोलतात. तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत आणि इथेही इतकी वर्षं नुसताच गळ टाकताय. काकूंना काय कळणार?"

मला वाटलं, दुखावले. परक्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगणारी मी कोण? माफी मागणार तेवढ्यात त्यांनी घसा साफ केला आणि पाण्याशी बोलायला सुरुवात केली.

"सुमन, तू ऑगस्टमध्ये म्हणालीस, मला वेंगुर्ल्याला ने. मी म्हटलं, सीझन संपू दे, ऑक्टोबरच्या मध्यावर निघू. तू ऐकलंस. तुला वाटलं, माशांसाठी थांबलाय. निखिललाही तेच वाटतं. पण तुझी स्लाइड मी मागून घेतली होती. मी स्वतः वाचली. तू ऑक्टोबर बघणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तिकडे नेलं असतं तर तू मरणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. इथे होतीस तोवर तो नुसता रिपोर्ट होता. मी भ्यालो, सुमन. आणि तुला सांगितलं नाही. मी कुणाला कधीच काही सांगितलं नाही."

मग त्यांनी गळ टाकला. न दिसणाऱ्या डोळ्यांनी, पण इतका अलगद की पाण्यावर सुरकुतीही पडली नाही.

पांढरा तुरा डोहावरून खाली वाहत गेला. काही नाही. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा काही नाही. वीस वेळा, तीस वेळा. वरच्या बाजूला एका माशाने दोनदा भुरका मारला, आमच्या किड्याला मात्र कुणी विचारलं नाही. उजेड कमी होत गेला. काकांचे पाय थरथरू लागले. प्रत्येक वेळी ते विचारायचे, "शिवला का?" आणि मी म्हणायची, "नाही, काका." त्यांचे ओठ निळे पडले होते. बाहेर या म्हटलं तर येईनात.

"शिवला का?" त्यांनी पुन्हा विचारलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या खांद्यामागे.

"शिवला, काका," मी म्हटलं. "आत्ताच. हलकेच शिवून गेला."

ते तसेच उभे राहिले. मग दोर गुंडाळला, किडा तोडून बाटलीत ठेवला, झाकण लावलं. मी हात धरून त्यांना काठावर आणलं. गाडीत हीटर लावून तासभर झाल्यावर ते म्हणाले, "भुरका नाही ऐकू आला मला."

"हलका होता, काका."

"बरं," ते म्हणाले. आणि घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यांचे कान किती तिखट होते हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी त्या रात्री जेवले नाही. समीर म्हणाला, अगं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोललीस, त्यात काय एवढं. पण मला सारखा दर्भाचा कावळा दिसत होता. एवढ्या वर्षांनी तो माणूस तोंड उघडून बोलला आणि मी त्याच्या हातावर दुसरा खोटा कावळा ठेवला. पुढच्या वेळी भेटल्यावर खरं सांगायचं ठरवलं. थँक्सगिव्हिंगला भेटले, सांगितलं नाही. नाताळात त्यांच्याकडे तिळाचे लाडू घेऊन गेले, तेव्हाही नाही. ते छान बोलत होते, चहा छान झालाय म्हणत होते. फेब्रुवारीत ते झोपेतच गेले.

दहावा त्याच डेकवर झाला. समीरने बर्फ उपसून जागा केली. निखिल आला होता, बापाचा जाड कोट घालून. तेच जोशी गुरुजी, आता केस पांढरे झालेले. ओकच्या उघड्या फांद्यांवर कावळे बसलेले होते. मी मनाशी वाक्य तयार ठेवलं होतं. कावळा आला नाही, की पुढे होऊन सगळ्यांसमोर म्हणायचं, काका, मी खोटं बोलले, मासा शिवला नव्हता. लोकांना वाटू दे काय वाटायचं ते.

निखिलने केळीचं पान ठेवलं. तो हात मागे घेतोय न घेतोय तोच एक कावळा थेट उतरला आणि पिंडात चोच घातली. गुरुजीसुद्धा दचकले. "वा," ते म्हणाले, "काही राहिलं नव्हतं बुवा यांचं." सगळे हुश्श करून आत जेवायला गेले. मी डेकवर उभीच राहिले, तयार केलेलं वाक्य तोंडात घेऊन.

नंतर स्वयंपाकघरात भांडी पुसताना मी ते निखिलला सांगितलं. सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "दॅट इव्हिनिंग ही कॉल्ड मी. म्हणाले, 'आज सुमनला सांगितलं.' दोनदा म्हणाले. आय थॉट ही वॉज कन्फ्यूज्ड."

"आणि मासा? माशाबद्दल काही?"

"नो. काहीच नाही. नो फिश."

म्हणजे शेवटी त्यांना माशाची गरजच पडली नव्हती. बोलणं तेवढं राहिलं होतं, ते झालं. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्यांचं मिटलं, आणि माझं खोटं जिथल्या तिथे राहिलं. निखिलने जाताना मला काकांची गळाची काठी दिली आणि ती बाटलीही. "आय डोन्ट नो व्हॉट टू डू विथ इट," म्हणाला. मी म्हटलं, अर्धे केस तू ठेव. ते वेंगुर्ल्याला ने. त्याने मान डोलावली. डिसेंबरची तिकिटं त्याने काढली आहेत.

या वर्षी मी स्वतःच्या नावाने मासेमारीचं लायसन्स काढलं, ट्राउटचा वेगळा स्टॅम्प लागतो तोही घेतला. सीझनच्या शेवटच्या दिवशी एकटीच गेले. ओढा तसाच होता, गाई तशाच. काकूंशी काय बोलायचं हे रस्ताभर सुचत नव्हतं. ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिच्याशी कसं बोलतात? शेवटी डोहापाशी उभं राहून एवढंच म्हटलं, "काकू, निखिल तुम्हाला डिसेंबरात घरी नेतोय." मग तो टोक मोडलेला किडा पाण्यावर सोडला.

मला काकांसारखं जमत नाही. तुरा कधी इकडे पडायचा, कधी तिकडे. तरी मी टाकत राहिले. किडे निघाले, मासे वर येऊ लागले, डोहाच्या वरच्या टोकाला भुरके ऐकू येत होते, एकामागून एक. आमच्या किड्याजवळ काहीच नाही. उजेड गेला, पाणी काळं झालं, बोटांना दोर कळेनासा झाला. आणि मग अगदी स्पष्ट वाटलं, माझ्या खांद्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि विचारतंय.

या वेळी मी वळले नाही.

"नाही, काका," मी मोठ्याने म्हटलं. "नाही शिवला. मागच्या वर्षीही नव्हता."

दोर गुंडाळला, किडा बाटलीत ठेवला, झाकण घट्ट लावलं. काठावर चढून गाडीकडे निघाले तेव्हा सवयीने तोंडातून गेलं, "येते हं."